रक्ताची नदी: एका गोल्फ क्लबची पाटी आणि पोटोमॅकचा खरा इतिहास

आजचा भाग एका पाटीबद्दल आहे. ऐकायला विषय छोटा वाटेल, पण या पाटीच्या मागे जाता जाता आपण 1861 सालच्या एका लढाईपर्यंत पोहोचणार आहोत, आणि वाटेत शेकडो तोडलेली झाडं, एक बुडालेलं सैन्य आणि विनाकारण तुरुंगात पडलेला एक सेनापती भेटणार आहे. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

तर जागा आधी डोळ्यांसमोर आणूया. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन ज्या नदीवर वसली आहे, ती पोटोमॅक. शहरापासून नदीच्या काठाने वर साधारण 40 किलोमीटर गेलं की व्हर्जिनिया राज्यातली लाउडन काउंटी लागते. आपल्या अनेक श्रोत्यांना हा भाग चांगला माहीत असेल, कारण ॲशबर्न, स्टर्लिंग या गावांमध्ये मराठी घरं काही कमी नाहीत. या काउंटीत नदीला लागून लोज आयलंड नावाचा पट्टा आहे. तिथे सुमारे 800 एकरांवर एक खासगी गोल्फ क्लब होता. 2009 साली तो डोनाल्ड ट्रम्प यांनी 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतला. ते तेव्हा राजकारणात उतरलेले नव्हते, बांधकाम व्यावसायिक आणि टीव्हीवरचा चेहरा एवढीच त्यांची ओळख. क्लबचं नाव बदललं आणि नूतनीकरण सुरू झालं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. हा भाग राजकारणाचा नाही. त्यांना मत द्यावं की नाही हे अमेरिकन मतदार बघतील. आपल्याला रस आहे तो नूतनीकरण करताना त्या जागेच्या भूतकाळाचं काय झालं, यात.

नूतनीकरणात पहिली कुऱ्हाड पडली ती झाडांवर, अगदी शब्दशः. 2010 मध्ये नदीकाठची चारशेहून जास्त झाडं तोडली गेली. हेतू सरळ होता: मैदानावरून नदी दिसली पाहिजे. गोल्फ क्लबात सभासदत्वाचे पैसे मोजणाऱ्या माणसाला तो 'व्ह्यू' हवा असतो. जुनी झाडं पाण्यात कोसळतात आणि काठाची माती सोबत घेऊन जातात, असंही एक कारण क्लबकडून पुढे आलं. नदीचं काम करणाऱ्या संस्थांना ते अजिबात पटलं नाही. आपल्याकडे कृष्णेकाठचा किंवा पंचगंगेकाठचा कुठलाही शेतकरी सांगेल की काठ धरून ठेवतात ती झाडाची मुळंच. झाडं गेली की माती गेली, आणि शेतातलं किंवा गवतावरचं खत थेट पाण्यात.

इथे आणखी एक गंमत आहे. त्या मैदानावरून जी नदी दिसते ती व्हर्जिनियाची नाहीच! 1632 साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने मेरीलँडची सनद दिली, तेव्हा सीमा आखली ती नदीच्या मध्यावरून नाही, पलीकडच्या, म्हणजे व्हर्जिनियाच्या काठावरून. त्यामुळे आजही नदीचं पात्र मेरीलँडचं. शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीने पाणी उचलण्यासाठी नळ जरा आत न्यायचं ठरवलं, तर दोन राज्यं भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. 2003 मध्ये निकाल लागला की मेरीलँडची परवानगी न घेता व्हर्जिनिया पाणी घेऊ शकते, पण पात्राची मालकी काही हलली नाही. एका राजाच्या पावणेचारशे वर्षं जुन्या कागदापासून सुरू झालेला वाद न्यायमूर्तींपुढे आला. कागदाची ही ताकद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पाटी. मैदानाच्या चौदाव्या होल आणि पंधराव्या टीच्या मध्ये, नदी खाली दिसेल अशा जागी, एक ध्वजस्तंभ उभारला गेला. त्याच्या दगडी चौथऱ्यावर एक फलक बसवला. फलकाचा मजकूर मी माझ्या शब्दांत सांगतो: उत्तर आणि दक्षिण, दोन्ही बाजूंचे अनेक थोर अमेरिकन सैनिक या जागी धारातीर्थी पडले. मृतांची संख्या इतकी मोठी होती की पाणी लाल व्हायचं, आणि म्हणून या भागाला 'रक्ताची नदी' असं नाव पडलं. खाली, पोटोमॅकचा हा महत्त्वाचा भाग जपता आला हा आपला सन्मान समजतो अशा अर्थाचं वाक्य आणि मालकाचं पूर्ण नाव.

वाचून अंगावर काटा येतो ना? फक्त अडचण एवढीच की असं काही तिथे घडलेलंच नाही.

नोव्हेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर बातमी केली. मालक तोवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते, त्यामुळे पाटीकडे लक्ष गेलं. बातमीदाराने स्थानिक इतिहासाचं काम करणाऱ्या लोकांना विचारलं. मोस्बी हेरिटेज एरिया असोसिएशन या तिथल्या वारसा-संस्थेच्या रिचर्ड गिलेस्पी यांनी साफ सांगितलं की तिथे असलं काहीही झालेलं नाही. इतर जाणकारांचंही तेच. 'रक्ताची नदी' हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

मग मालकांना विचारलं. त्यांचा युक्तिवाद असा होता: ती नदी ओलांडायची मोक्याची जागा होती. यादवी युद्ध चालू आहे, लोक नदी ओलांडताहेत, म्हणजे गोळ्या लागून पुष्कळ माणसं मेली असणारच. इतिहासकार नाही म्हणतात, असं सांगितल्यावर ते म्हणाले, त्यांना कसं कळणार? ते होते का तिथे? आणि आपल्याला, किंवा आपल्या माणसांना, हे इतिहासकारांनीच सांगितलं असंही म्हणाले; नावं मात्र दिली नाहीत.

मंडळी, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. 'तुम्ही होतात का तिथे?' हे वाक्य मराठी माणसाने काय कमी वेळा ऐकलंय? कुठल्याही गडावर जा. बुरुजावर उभा राहून कुणीतरी सांगत असतो, इथून अमक्याचा कडेलोट झाला, या टाक्यात तमक्याने खजिना टाकला. कागद विचारा, उत्तर ठरलेलं: तुम्ही होता का तेव्हा? प्रश्न बिनतोड वाटतो. शिवाय त्याला आणखी एक धार आहे. एखादी गोष्ट घडली हे दाखवायला एक पत्र पुरतं. पण घडली *नाही* हे कसं दाखवायचं?

तर यादवी युद्धाच्या बाबतीत ते दाखवता येतं, आणि कसं ते बघण्यासारखं आहे. हे युद्ध 1861 ते 1865 चाललं. लढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लिहितावाचता येत होतं, आणि ते घरी सतत पत्रं लिहायचे. प्रत्येक रेजिमेंटची हजेरीपटावर नोंद. प्रत्येक चकमकीनंतर अधिकाऱ्याने वरिष्ठाला अहवाल द्यायचा. युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारने दोन्ही बाजूंचे, म्हणजे हरलेल्या दक्षिणेचेसुद्धा, अहवाल आणि पत्रव्यवहार गोळा करून 1880 ते 1901 या काळात छापले. 128 भाग! तुलनेसाठी सांगतो, रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे निवडक भाग 45 आहेत, आणि तेवढ्याने आपल्या अभ्यासकांच्या पिढ्यांना काम पुरलं. या 128 भागांत पाच-सहा माणसं जखमी झालेल्या चकमकींच्यासुद्धा नोंदी आहेत. त्याशिवाय विधवांनी आणि जखमींनी पेन्शनसाठी केलेले अर्ज, ज्यात माणूस कुठे आणि कसा पडला हे साक्षीपुराव्यासह लिहावं लागे. आणि ही जागा कुठे, तर राजधानीपासून घोड्यावर एका दिवसाच्या अंतरावर, जिथली वर्तमानपत्रं रोज युद्धाच्याच बातम्या छापत होती.

एवढ्या जाळ्यातून नदी लाल करणारी कत्तल निसटून जाईल? इतिहासकार तिथे नव्हते, खरंय. पण जे होते ते लिहिणारे होते. आणि त्यांच्या लिहिण्यात ही जागा रिकामी आहे.

पूर्ण रिकामी नाही म्हणा. आणि इथूनच माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते.

याच नदीवर, क्लबपासून साधारण 11 मैल वर, लीसबर्ग गावाजवळ एक कडा आहे. बॉल्स ब्लफ. नदीच्या पाण्यापासून शंभर-एक फूट उंच, झाडीने भरलेला. ऑक्टोबर 1861. युद्ध सुरू होऊन सहा महिने झालेले. मेरीलँडच्या बाजूला उत्तरेचं सैन्य, व्हर्जिनियाच्या बाजूला दक्षिणेचं. मध्ये नदी. उत्तरेचे स्थानिक सेनापती चार्ल्स स्टोन यांना वरून सूचना आली की लीसबर्गच्या बाजूला थोडी हालचाल दाखवा, शत्रू हलतो का बघू.

20 ऑक्टोबरच्या रात्री स्टोन यांनी वीस-एक माणसांची टेहळणी तुकडी पलीकडे पाठवली. तुकडी कडा चढून आत गेली आणि चांदण्यात त्यांना तंबूंची रांग दिसली. पहारा नाही, काही नाही. परत येऊन त्यांनी खबर दिली: शत्रूचा तळ आहे, बेसावध आहे. लगेच तीनशे माणसं घेऊन कर्नल डेव्हन्स छापा घालायला गेले. पहाट झाली, उजेड पडला, आणि तंबू नव्हतेच. ती झाडांची रांग होती.

हो, झाडं. फांद्यांमधून दिसणाऱ्या आभाळाला ते तंबू समजले होते.

डेव्हन्स तिथून मुकाट मागे फिरले असते तर बॉल्स ब्लफ हे नाव आज कुणाला माहीतही नसतं. पण ते नव्या हुकमाची वाट बघत थांबले. सकाळी शत्रूच्या तुकडीशी चकमक उडाली. तेवढ्यात कर्नल एडवर्ड बेकर यांच्याकडे तिथली सूत्रं आली. बेकर हे ओरेगनचे सेनेटर, अब्राहम लिंकन यांचे जुने दोस्त. लिंकन यांनी आपल्या दुसऱ्या मुलाचं नाव एडवर्ड बेकर लिंकन ठेवलं होतं, एवढी दोस्ती. बेकर उत्साही होते. आणखी माणसं पलीकडे न्यायचं त्यांनी ठरवलं आणि मग होड्या शोधत बसले, कारण होड्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. तासन् तास त्यात गेले. माणसं थोडी थोडी करून पलीकडे जात राहिली.

दुपारपर्यंत दोन्हीकडे साधारण सतराशे-सतराशे. पण जागा बघा: समोर शत्रू, पाठीमागे शंभर फुटांचा कडा, कड्याखाली नदी, आणि नदीत पुरेशा होड्या नाहीत. दुपार कलताना बेकर गोळ्या लागून पडले. पदावर असताना लढाईत मारले गेलेले ते अमेरिकेचे आजवरचे एकमेव सेनेटर. संध्याकाळी उत्तरेची फळी मोडली. माणसं कड्यावरून घसरत, एकमेकांच्या अंगावर पडत खाली आली. होड्या गच्च भरल्या, उलटल्या. कित्येक जण पोहत निघाले, आणि कड्यावरून गोळीबार चालूच होता.

उत्तरेचे सुमारे 1,000 माणसांचे नुकसान झाले: 223 मृत, 226 जखमी, 553 कैद, असे आकडे सहसा दिले जातात. सतराशेपैकी हजार. दक्षिणेचे 36 मृत. जखमींमध्ये छातीत गोळी लागलेला वीस वर्षांचा एक लेफ्टनंट होता, ऑलिव्हर वेंडेल होम्स. तो वाचला आणि पुढे तीस वर्षं सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती राहिला.

आणि आता आपल्या पाटीशी संबंध येतो. बुडालेल्यांची प्रेतं नदीने खाली आणली. पुढच्या काही दिवसांत ती पार वॉशिंग्टनपर्यंत काठाला लागत होती, राजधानीतल्या लोकांनी ती बघितली. बॉल्स ब्लफ वर, वॉशिंग्टन खाली. मधल्या वाटेवर काय येतं? लोज आयलंड. म्हणजे त्या ऑक्टोबरात, जिथे आज तो ध्वजस्तंभ आहे त्याच्या समोरून, ही माणसं खरोखरच वाहत गेली असणार. पाणी लाल नव्हतं, तिथे लढाई नव्हती, नावही नव्हतं. पण नुसतं एवढं लिहिलं असतं की '1861 च्या शरद ऋतूत बॉल्स ब्लफला बुडालेले सैनिक या पात्रातून वाहत गेले', तर ते खरं झालं असतं, आणि माझ्या मते जास्त अंगावर आलं असतं.

बॉल्स ब्लफचं पुढे काय झालं हेही ऐका, कारण खोट्या गोष्टीची किंमत कोण मोजतो ते त्यात दिसतं. सेनेटर मेला म्हणजे कुणीतरी जबाबदार हवा. मृत सेनेटरला दोष कोण देणार? त्या डिसेंबरात काँग्रेसने युद्धाच्या कारभाराची चौकशी करायला संयुक्त समिती नेमली. समितीसमोर सेनापती स्टोन यांच्याबद्दल नाना गोष्टी सांगितल्या गेल्या: ते शत्रूला फितूर आहेत, पलीकडे पत्रं पाठवतात. साक्षीदार कोण, आरोप नेमका काय, हे स्टोन यांना कळूही दिलं नाही. फेब्रुवारी 1862 मध्ये त्यांना अटक झाली आणि 189 दिवस कोठडीत ठेवलं गेलं. आरोपपत्र कधी दाखल झालंच नाही. सुटल्यावर करिअर संपलेलं. नंतर ते इजिप्तच्या खेदिवाच्या नोकरीत गेले. परत आल्यावर त्यांनी न्यूयॉर्क बंदरात एका मोठ्या चौथऱ्याच्या पायाचं काम प्रमुख अभियंता म्हणून पाहिलं. त्या चौथऱ्यावर आज स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा आहे. फितूर म्हणून कोंडलेल्या माणसाने घातलेला पाया!

असो. लोज आयलंडच्या अगदी जवळ घडलेली एक गोष्टही आहे, तीही पाटीवर नाही. याच पट्ट्यात रौझर्स फोर्ड नावाचा उतार होता. 'फोर्ड' म्हणजे आपल्या बखरींतला उतार, जिथून घोडी पाण्यातून पलीकडे जाऊ शकतात. पानिपतच्या मोहिमेत बागपतला यमुनेचा उतार अब्दालीला मिळाला आणि काय झालं, ते आपल्याला पाठ आहे. इथेही तसंच. 27 जून 1863 च्या रात्री दक्षिणेचा घोडदळप्रमुख जेब स्टुअर्ट तीन ब्रिगेड घेऊन या उताराला आला. नदी नेहमीपेक्षा चढलेली, पाणी खोगिरापर्यंत. तोफांची दारू भिजू नये म्हणून गाड्यांमधले गोळे बाहेर काढून एकेका स्वाराच्या हातात दिले, आणि स्वार ते हातात धरून काळोखात नदी पार करून गेले. रिकाम्या गाड्या आणि तोफा पाण्याखालून ओढत नेल्या. पहाटे तीनच्या सुमारास सगळे पलीकडे होते.

मालकांचा तर्क आठवा: नदी ओलांडताहेत म्हणजे माणसं मेलीच असणार. इथे हजारो स्वारांनी नदी ओलांडली, भर युद्धात, आणि लढाई झालीच नाही, कारण उतारावर त्यांना अडवायला कुणी मोठं सैन्य नव्हतं. तर्काने इतिहास लिहिला की असा फसतो. आणि ही रात्र काही किरकोळ नव्हे. पलीकडे गेल्यावर स्टुअर्टने रॉकव्हिलजवळ सव्वाशे गाड्यांचा रसदीचा तांडा पकडला, त्या लोढण्यामुळे त्याची चाल मंदावली, आणि तो गेटिसबर्गला पोहोचला तो लढाईच्या दुसऱ्या दिवशी. सेनापती ली यांच्या सैन्याला शत्रू नेमका कुठे आहे हे सांगणारे डोळे ऐन वेळी जवळ नव्हते. स्टुअर्ट वेळेवर आला असता तर, यावर तिकडे आजही कडाक्याचे वाद होतात.

डिसेंबर 1861 मध्ये जवळच ड्रेन्सव्हिलला एक छोटी लढाई झाली, तीही सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये विचारेल. पण ती नदीवर नव्हती, आत हमरस्त्यावर होती. तिने नदी लाल व्हायचा प्रश्न नव्हता.

मग एवढा खरा ऐवज हाताशी असताना खोटा मजकूर का? मला वाटतं, याचं उत्तर झाडांच्या तोडीतच आहे. जागेला 'व्ह्यू' हवा होता म्हणून झाडं गेली. जागेला वजन हवं होतं म्हणून मृत्यू आले. खरा इतिहास तिरपा असतो: लढाई 11 मैल दूर, प्रेतं फक्त वाहत गेलेली, स्वार फक्त ओलांडून गेलेले. तो चौदाव्या आणि पंधराव्याच्या मध्ये नेमका बसत नाही. बनवलेला बसतो.

मे 2017 मध्ये याच मैदानावर ज्येष्ठ खेळाडूंची पीजीए स्पर्धा झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लबात असताना तटरक्षक दल समोरची नदी बंद करू लागलं, तेव्हा होडीवाले आणि कयाकवाले चिडले आणि मेरीलँडच्या काठाने त्यांना वाट ठेवावी लागली.

आता तिकडच्या श्रोत्यांसाठी. ती पाटी बघायला क्लबाचं सभासद किंवा पाहुणं व्हावं लागेल. पण समोरचा मेरीलँडचा काठ सगळ्यांचा आहे. जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या बाजूने 184.5 मैलांची पायवाट जाते, ती राष्ट्रीय उद्यानात मोडते. सेनेकाच्या आसपास व्हायोलेट्स लॉकपाशी गाडी लावून नदीकडे या, की स्टुअर्टचे स्वार हातात गोळे धरून जिथे वर आले तो टापू तुमच्यासमोर असेल. आणि वेळ असेल तर लीसबर्गला बॉल्स ब्लफच्या कड्यावर जा. तिथे 1865 च्या डिसेंबरात केलेली एक छोटी दफनभूमी आहे, दगडी भिंतीच्या आत. 25 थडगी, त्यात 54 सैनिकांचे अवशेष. नाव एकाचंच लागलं: जेम्स ॲलन, पंधरावी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट. बाकीच्या 24 दगडांवर फक्त 'अज्ञात'.

पुढच्या भागात भेटू. प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.